गीत आणि चित्र यांचा मेळ

मनुष्याचा कान हा मोठा काटेकोर हिशेबनीस आहे. डोळा पुष्कळ गोष्टींकडे काणाडोळा करतो, परंतु कान सहसा तसे करीत नाही. ओळखीच्या भजनात ढोलकी अर्ध्या मात्रेने चुकली, तर उपासनामंदिरात शेवटच्या बाकावर बसलेली आजीबाईदेखील मान वर करून पाहते, मग तीस तालशास्त्राचे एक अक्षरही ठाऊक नसो. याच कारणास्तव जेथे गीत आणि चित्र एकत्र नांदावयाचे असतात, तेथे घरातील सत्ता बहुधा कानाच्या हाती जाते व डोळ्यास त्याच्या मर्जीने चालावे लागते. हा मेळ कसा घालतात, आणि तो घालताना विद्यार्थ्यांस कोणकोणते धडे मिळतात, यासंबंधी चार शब्द आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे मनात आल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

निमित्त असे झाले. आमच्या शाळेतील नववीच्या काही विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनासाठी नाग नदीवर एक गीत रचले. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आणि ते गाणारी अकरा मुलेमुलीही त्यांच्यातलीच. साथीस एक पेटी, एक ढोलकी व झांज एवढाच संसार. गीताचे ध्वनिमुद्रण शाळेच्या संगीतवर्गात झाले व पुढील काही शनिवारी दुपारी मुलांनी मोबाइलवर नदीची, तलावाची, वस्तीची व गाणाऱ्यांची चित्रे टिपली. तदनंतर सर्व तुकडे कापून, निवडून, गाण्याबरहुकूम जोडण्याचे काम संगणकाच्या खोलीत सुरू झाले. यालाच मुले 'एडिटिंग' म्हणतात आणि जुने चित्रपटकार 'संकलन' म्हणत. देखरेखीसाठी आम्ही त्या खोलीत रोज तासभर बसत असू. गीत सुमारे चार मिनिटांचे. काम मात्र तीन आठवडे पुरले.

हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लोकांपुढे आला, तेव्हा चित्र मुके होते. मूकपटांच्या त्या काळात पडद्याजवळ पेटी व तबला घेऊन वादक बसत आणि चित्र जसे पुढे सरके तसे ते वाजवीत. म्हणजे तेव्हा चित्र हा यजमान व संगीत हा पाहुणा होता. १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट निघाला व पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. त्या आरंभीच्या बोलपटांत नटनटींस कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गावे लागे. साथीदारांस पडद्याआड किंवा झाडाआड दडवून ठेवावे लागे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव' या चित्रपटाने गाणे आधी मुद्रित करून मागाहून त्यावर चित्र घेण्याची रीत रूढ केली. तेव्हापासून यजमान व पाहुणा यांची जागा बदलली. गाणे आधी, चित्र मागाहून. आमच्या मुलांनी मोबाइल घेऊन जे केले ते याच रीतीचे घरगुती रूप होय.

आता हा मेळ घालताना जे गणित लागते ते सांगतो, कारण तेवढ्या भागात मुलांस भूमितीच्या तासाहून अधिक रस वाटलेला आम्ही पाहिला. त्यांचे गीत केरव्यात होते. केरव्याच्या एका आवर्तनात आठ मात्रा असतात; पहिलीवर सम व पाचवीवर खाली. मुलांनी आरंभीची लय मोजली तेव्हा एक मात्रा सुमारे अर्ध्या सेकंदाची भरली. म्हणजे एक आवर्तन चार सेकंदांचे. त्यांनी चित्रासाठी दर सेकंदास २५ चौकटींचे प्रमाण धरले होते. तेव्हा एका आवर्तनास बरोबर १०० चौकटी आल्या. इतका सोपा हिशेब पाहून कापाकापीचे काम हाती घेतलेल्या मुलास अत्यानंद झाला. त्याने शंभर-शंभर चौकटींवर खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर चित्र बदलले, आणि गाणे लावून सर्वांस पाहावयास बोलाविले.

पहिले कडवे चोख बसले. दुसऱ्या कडव्यात काहीतरी खटकू लागले. तिसऱ्यात सम एकीकडे व चित्र दुसरीकडे असा प्रकार झाला. कारण उघड होते. संगणकाची शंभर चौकटींची खूण घड्याळासारखी अचल, परंतु ढोलकी वाजविणारा मुलगा हाडामांसाचा. गाणे रंगात आले की हाताची लय नकळत चढते. प्रत्येक आवर्तन एक दशांश सेकंदाने जरी लहान झाले, तरी दहा आवर्तनांत पुरा एक सेकंद, म्हणजे २५ चौकटींचे अंतर पडते. तेव्हा खुणा पुसल्या गेल्या. मुले डोळे मिटून गाणे ऐकू लागली व प्रत्येक समेवर कळ दाबून नवीन खूण करू लागली. ध्वनीची जी लाटांसारखी रेघ पडद्यावर दिसते, तीत ढोलकीचा धुम् उंच शिखरासारखा उमटतो; त्या शिखराशी कानाची साक्ष जुळवून पाहिली म्हणजे खूण पक्की झाली. यंत्राचे मोजमाप व मनुष्याची लय यांत वाद पडला, तर संगीताच्या दरबारात लयीचाच पक्ष घ्यावा लागतो, हा त्या दिवसाचा पहिला धडा.

दुसरा धडा अंबाझरीच्या काठावर मिळाला होता, परंतु तो उमगला खोलीत. तेथे एका दगडावर ध्वनिवर्धक ठेवून मुद्रित गाणे लावले होते आणि मुले दूर पाण्याच्या बाजूस उभी राहून त्याबरोबर गात होती. मागाहून पाहतो तो जवळ उभ्या मुलांचे ओठ गाण्याशी जुळतात व दूरच्या मुलांचे किंचित मागे पडतात. मुलांस वाटले की दूरची मंडळी आळशी आहेत! वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एका चौकटीच्या अवधीत साडेतेरा मीटरांच्या आसपास. जो गट ध्वनिवर्धकापासून सत्तावीस-अठ्ठावीस मीटरांवर उभा आहे, त्यास गाणे दोन चौकटी उशिराच ऐकू येणार. मग त्या गटाचे चित्र दोन चौकटी अलीकडे ओढले आणि ओठ जुळले. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील एक आकडा असा कामास आलेला पाहून, जो मुलगा त्या विषयात नेहमी मागे असतो तोच सर्वांस समजावून सांगू लागला. तसेच मोबाइलमध्ये चौकटींचे प्रमाण पुष्कळदा कमीअधिक होत राहते, त्यामुळे लांब तुकडा आरंभी जुळला तरी शेवटी निसटतो. यास्तव संकलनापूर्वी सर्व तुकडे एकाच प्रमाणात उतरवून घ्यावे, व चित्र घेतेवेळी प्रत्येक तुकड्याच्या आरंभी एक मोठी टाळी वाजवावी, म्हणजे टाळीचे चित्र व टाळीचा आवाज एकमेकांवर ठेवून तुकडा चटकन जुळविता येतो. पुढील वर्षीच्या मुलांनी हे टिपून ठेवावे.

खुणा बसल्या, ओठ बसले. आता प्रत्येक समेवर चित्र बदलावे की काय, हा प्रश्न निघाला. तसे करून पाहिले. अर्धे गाणे झाले नाही तोच पाहणाऱ्यांस थकवा आला, कारण पुढे काय होणार हे डोळ्यास आधीच कळू लागले. निपुण तबलजी प्रत्येक समेवर सारख्याच जोराने थाप मारीत नाही. कोठे सम नुसती दाखवितो, तर कोठे ती गाळून ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू देतो. मुलांनीही तसेच केले. कोठे गाणाऱ्या मुलीने श्वास घेतला तेथे चित्र बदलले. कोठे नावाड्याचा हात वर जाताना एक तुकडा संपविला व हात खाली येताना दुसरा आरंभिला. कोठे चित्र समेच्या एकदोन चौकटी आधीच बदलले, कारण नवे चित्र ओळखण्यास डोळ्यास क्षणभर लागतो. हे सर्व कोणत्या नियमाने, असे आम्हांस कोणी विचारील तर आम्ही म्हणू की, दहादा पाहून.

यापुढचा प्रश्न शब्दांचा. पहिल्या खेपेस मुलांनी मोठ्या भाबडेपणाने 'पाणी' या शब्दावर पाणी, 'पूल' या शब्दावर पूल, व 'आई' या शब्दावर कोणाची तरी आई दाखविली होती. शब्द कानाने एकदा सांगितला; तोच पुन्हा डोळ्यास सांगून काय साधले? १९२८ साली आयझेन्स्टाइन, पुडोव्किन व अलेक्झांड्रोव या तीन रशियन दिग्दर्शकांनी बोलपटाविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले, त्यातील इशारा हाच होता की ध्वनीने चित्राची केवळ री ओढू नये. आपल्या मंडळीतही याला जुळते उदाहरण आहे. आरंभीच्या मराठी ख्रिस्ती गीतांत इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालीवर बसविलेली पुष्कळ होती. अक्षरे मोजली तर हिशेब चुकत नसे; परंतु मराठी शब्दाचा नैसर्गिक झोक एकीकडे व चालीचा आघात दुसरीकडे पडून अर्थ लंगडा होई. या आपल्या नागपुरात काही काळ राहून गेलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजन व कीर्तन ही देशी रूपे उपासनेत आणली, तेव्हा ते गाणे लोकांच्या कंठी बसले. मापात बसणे निराळे व मनात बसणे निराळे, हे त्यांच्या कार्यावरून शिकावे.

हाच भेद आमच्या मुलांपुढे अकस्मात मोठ्या कठीण रूपाने उभा राहिला. तो प्रसंग थोडा विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे.

शहराच्या पश्चिमेस लावा गावाकडील टेकड्यांत उगम पावून, अंबाझरीतून व भर वस्तीतून वाहत जाऊन कन्हानेस मिळणारी आपली नाग नदी एरवी किती दीन दिसते, हे नागपूरकरांस सांगावयास नको. परंतु २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात २२ व २३ तारखांच्या मधल्या रात्री थोड्या तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि त्या दीन नदीने काठच्या वस्त्यांत घरोघरी प्रवेश केला. माणसे दगावली, संसार भिजले. गाणाऱ्या अकरांपैकी एका मुलीचे घर त्यांत होते. तिच्या मोठ्या भावाने जिन्यावर उभे राहून मोबाइलवर घेतलेले काही मिनिटांचे चित्र तिने वर्गास आणून दिले होते. तरंगणारी खाट, पाण्यावर पसरलेल्या वह्या, भिंतीवर अर्धे भिजलेले कॅलेंडर, आणि धान्याची कोठी दोन्ही हातांनी छातीशी धरून पायरीवर उभी असलेली आई, असे ते चित्र होते.

गीताच्या तिसऱ्या कडव्यानंतर ढोलकी दुगणीत जाते. संकलन करणाऱ्या मुलाने पुराच्या त्या चित्राचे सोळा तुकडे केले व दुगणीच्या ठेक्यावर एकेका मात्रेस एकेक असे बसविले. खाट, वह्या, पाणी, आई, पुन्हा खाट. एकही तुकडा एका चौकटीनेही चुकलेला नव्हता. खोलीतील सर्वांनी टाळ्या वाजविल्या. ती मुलगी मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आम्ही तिचे मत विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, बसलं बरोबर आहे. पण त्या रात्री घरात असा ठेका नव्हता." थोड्या वेळाने तिने आणखी एवढेच सांगितले, "पाणी किती वेळ चढत होतं, ते यात कळत नाही."

खोलीत कोणी काही बोलेना. मग एकाने सुचविले की तो भाग समूळ गाळावा. आम्हांस वाटले, मुलगी यास संमती देईल. परंतु ती म्हणाली की गाळू नका. गाण्यात नदीला आई म्हटले आहे, तर आई रागावली होती तेही असू द्या. आता मात्र खरा पेच पडला. चित्र ठेवावयाचे, आणि त्यावर नाचावयाचे नाही. गाणे तर आधीच मुद्रित झालेले, व दुगण ही त्या गाण्यातील सर्वांची आवडती जागा.

वाट दाखविली ती ढोलकीवाल्याने. हा मुलगा अबोल आहे व त्याची ती दुगण म्हणजे त्याच्या साऱ्या वर्षाची कमाई होती. तो उठून म्हणाला, "सर, तिथं मी थांबतो." ढोलकी वेगळ्या माइकवर घेतलेली होती, तरी तिचा आवाज गाणाऱ्यांच्या माइकात थोडाबहुत उतरलाच होता. यास्तव तेवढ्या तीन आवर्तनांचे गायन पुन्हा मुद्रित करावे लागले. ढोलकी नाही, झांज नाही. पेटीचा एक लांबविलेला सूर, आणि तळहातावर बोटांनी मात्रा मोजीत गाणारी अकरा मुले. त्या तीन आवर्तनांवर एकच चित्र ठेवले, कोठी धरून पायरीवर उभी असलेल्या आईचे. त्यात एकही काप नाही. जवळजवळ बारा सेकंद ती खाली पाण्याकडे पाहते. बारा सेकंद म्हणजे पुष्कळ असतात, हे ते चित्र पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

व्ही. शांताराम यांनी १९३७ साली 'कुंकू' काढला, तेव्हा त्यात पार्श्वसंगीत न योजता प्रसंगात प्रत्यक्ष असतील तेवढेच आवाज ठेवले होते. गाण्यांनी बोलपट ओथंबून वाहण्याचा तो काळ होता. जेथे वाद्य वाजविणे हाती आहे तेथे ते न वाजविणे यासही मोठी तयारी लागते, हे त्या चित्रपटावरून कळते. आमच्या ढोलकीवाल्यास ते स्वतःच्या बुद्धीने कळले, याचे आम्हांस कौतुक वाटते.

एक गोष्ट राहिली होती. ज्या बाईचे चित्र शेकडो लोकांपुढे दाखवावयाचे, तिची अनुमती घ्यावयास नको काय? मुलीने घरी विचारले. एके सायंकाळी तिच्या मातोश्री स्वतः शाळेत आल्या, संगणकापुढे बसल्या व तो भाग त्यांनी दोनदा पाहिला. मग म्हणाल्या, "दाखवा. पण पाणी दाखवता, तर चिखल काढायला आलेली माणसंही दाखवा." पुराच्या दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी, त्यांत सर्व धर्मांचे लोक, फावडी व खराटे घेऊन त्यांच्या घरी राबले होते, आणि त्याचेही थोडेसे चित्रण त्या भावाच्या मोबाइलात होते. मुलांनी ते शोधून काढले. आता तीन आवर्तनांची शांतता संपते, ढोलकी समेवर परत येते, आणि त्याच समेवर पडद्यावर खराट्याचा पहिला फटकारा चिखलावर पडतो. पुढचा फटकारा पुढच्या समेवर. येथे ठेका शोभला, कारण खराट्याला स्वतःचा ठेका असतोच. तोच ताल, तीच चौकटींची मोजणी. आधी ती टोचली व येथे ती साजली.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीर व त्याचे अवयव यांचा दृष्टान्त दिला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. जो अवयव डोळ्यांसमोर येत नाही त्याचीही शरीरास तितकीच गरज असते. काम संपत आले तेव्हा एका मुलीच्या ध्यानात आले की, ज्याच्या हातावर सारे चित्र कापले गेले तो ढोलकीवाला अख्ख्या चित्रफितीत कोठेच दिसत नाही. तो नेहमी मागे बसे, म्हणून कोणी त्याचे चित्रच घेतले नव्हते. मग शेवटच्या शनिवारी केवळ त्याच्या हातांचे व चेहऱ्याचे चित्र घेतले आणि ते गीताच्या अगदी आरंभी, पहिल्या थापेवर ठेवले.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी मोबाइल किंवा संगणक घेऊन बसली म्हणजे काळ फुकट चालला असे आपणांस वाटते, व ते पुष्कळदा खरेही असते. परंतु जेव्हा मूल असे काही रचीत असेल, तेव्हा त्याच्याजवळ घटकाभर बसावे. "किती छान दिसते" एवढे म्हणून उठू नये. "यातून तू काय गाळलेस, आणि का गाळलेस?" असे विचारावे. आणि चित्रफीत पाहताना केवळ आपले मूल किती वेळा दिसले ते मोजू नये; त्याच्या शेजारचे मूल दिसले की नाही, हेही पाहावे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हां प्रत्येकाच्या घरी आज शेकडो चित्रांचे तुकडे साठलेले आहेत. वाढदिवसाचे, सहलीचे, रुग्णालयाचे, अंत्ययात्रेचेही. त्यांवर कोणतेही गाणे चढविणे हे आता दोन बोटांचे काम झाले आहे. ते करण्यापूर्वी त्या चित्रातील मनुष्यास एकदा दाखवा व तो काय म्हणतो ते ऐका. ताल जुळला की नाही ते तुमचा कान सांगेल. बाकीचे त्या मनुष्यासच विचारावे लागेल.